पाणकणसाच्या मुळाशी

येलदरीचे पूर्णा नदीवरचे धरण १९६८ साली पुरे झाले. अशा धरणाच्या किंवा तुमच्या गावच्या पाझर तलावाच्या काठाला उन्हाळ्यात पाणी मागे सरले की गाळ उघडा पडतो. गाळ म्हणजे सोने, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. २०१७ पासून शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढून तो शेतात टाकायला उत्तेजनही दिले. पण सगळाच गाळ सारखा नसतो. काळ्या मातीचा काळेपणा वेगळा, आणि सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या चिखलाचा काळेपणा वेगळा. हा दुसरा काळेपणा जंतूंनी केलेला असतो.

तुरीचे किंवा हरभऱ्याचे रोप उपटले की मुळांवर गाठी दिसतात. त्यांत नत्र धरून ठेवणारे जंतू असतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मुळाभोवतीच्या मातीत जंतूंची दाटी असते म्हणून हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली त्या मातीला स्वतंत्र नावच दिले. आपण तिला मूळपरिसर म्हणू.

आता ओढ्यातले पाणकणीस घ्या. ते चिखलात उभे असते आणि चिखलात प्राणवायू नसतो. मग मुळे गुदमरत कशी नाहीत? पाने व देठ आतून पोकळ, जाळीदार असतात. त्यांतून हवा मुळापर्यंत उतरते आणि थोडी बाहेर झिरपते. त्या हवेवर लोहजंतू जगतात. चिखलात विरघळलेले लोह गंजते आणि मुळावर तांबूस पुट चढते. या पुटाला शिसे, जस्त, आर्सेनिक चिकटून राहतात. भाताच्या मुळावरही असे पुट चढते. गोव्यात डिचोली भागात लोहखनिजाच्या खाणींचा गाळ भातशेतात उतरत असे (२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले होते). अशा ठिकाणी लोह फारच झाले, तर जाड पुट मुळांच्याच अन्नाच्या आड येते.

मुळापासून थोडे दूर गेले की हवा संपते. तिथे दुसरी जात राहते. हे जंतू श्वासासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि गंधकाचा तो घाण वायू सोडतात. वायू धातूला भेटला की न विरघळणारा गाळ बनतो, बहुधा काळा. धातू तिथे कुलुपात पडतो. तो नाहीसा होत नाही, हे ध्यानात ठेवा. जंतू शेण कुजवून संपवतील. शिसे संपवणे त्यांच्या हातात नाही.

आणि कुलूप टिकते ते चिखल ओला असेतो. वाळला, हवा लागली, की ते उघडते. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातखाचरात उतरले. कापणीआधी खाचरातले पाणी काढले की ते मोकळे होऊन दाण्यात जाई. तो भात खाऊन माणसांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली तिथल्या सरकारने या रोगाचे कारण मान्य केले.

तेव्हा पावसाच्या पाण्याचा, रानातून वाहून आलेला गाळ खुशाल टाका. पण वर शहराचे गटार, मुलामा देण्याचे किंवा बॅटरीचे कारखाने असतील, तर आधी तपासून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश पाहतात. शिसे व कॅडमियम पाहायला वेगळे सांगावे लागते. नाल्याच्या तोंडाशी पाणकणसाचा पट्टा असेल तर तो गबाळ म्हणून उपटू नका. त्याच्या मुळांशीच धातू अडलेला असतो.

गुरुजींनी वर्गाला हे दाखवावे. काचेच्या बरणीत तळ्याचा चिखल, कागदाचे कपटे आणि चिमूटभर जिप्सम घालून वर बोटभर पाणी ठेवा. बरणी व्हरांड्यात असू द्या, कारण वास येईल. काही आठवड्यांनी चिखलात काळे डाग धरतील. मग त्यातला चमचाभर थाळीत पसरा आणि रोज पाहा: हवा लागून तो तपकिरी होत जातो.