घर, गाव आणि माणूस

महाराष्ट्राच्या जुन्या खेड्यात एकट्या माणसाची अशी वेगळी ओळख फारशी नव्हती. तो कोणत्या घराण्यातला, कोणत्या जातीचा आणि गावात त्याच्या घराण्याचे काम कोणते, यावर त्याचे स्थान ठरे. पाटीलकी आणि कुलकर्णीपण ही वतने घराण्याकडे असत आणि भाऊबंदांत वाटली जात. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार वर्षभर गावाचे काम करत आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. या व्यवस्थेत काम ठरलेले असे आणि पोटाची थोडीफार शाश्वतीही असे. मात्र काम निवडण्याची मुभा नसे. ज्यांच्या वाट्याला सर्वांत हलकी मानलेली कामे आली, त्यांच्यासाठी वतन म्हणजे पिढीजात वेठ होती. महार वतनासारखी कनिष्ठ मानलेली गावकामगारांची वतने रद्द व्हायला १९५८चा कायदा यावा लागला.

कुटुंब, समाज आणि व्यक्ती यांच्यातले नाते गेल्या दीडशे वर्षांत कसे बदलत गेले, हे समजून घेण्यासाठी हा जुना पाया लक्षात ठेवावा लागतो. आधार आणि बंधन तिथे एकाच ठिकाणाहून येत होते.

एकत्र कुटुंबाची रचनाही अशीच होती. शेतीचे तुकडे होऊ नयेत, आजारपणात हात कमी पडू नयेत, म्हाताऱ्यांना आणि पोरक्या मुलांना कोणीतरी वाली असावा, ही कामे कुटुंब करत असे. पेन्शन, विमा किंवा सरकारी दवाखाना नसलेल्या काळात ती दुसरे कोणी करणार नव्हते. त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. महाराष्ट्रात बव्हंशी लागू असलेल्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळे, मुलीला मिळत नसे. कारभार कर्त्या पुरुषाच्या हाती असे. विधवेला नवऱ्याच्या हिश्शावर हक्क मिळाला तो १९३७च्या कायद्याने, आणि तोही हयातीपुरता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरवली. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने तो लग्न झालेल्या मुलींसह देशभरच्या हिंदू कुटुंबांतील मुलींना मिळाला. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचाच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

कायदा झाला तरी व्यवहार लगेच बदलत नाही. भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही गावोगाव दिसतात. माहेर तुटू नये, अडीअडचणीला भाऊ उभा राहावा, ही त्यामागची काळजी खरी असते. हक्क आणि आधार यांतले एकच निवडण्याची वेळ बहिणीवर येते आणि भावावर येत नाही, हाच या प्रथेतला अन्याय आहे.

कुटुंबाच्या बाहेरचे वर्तुळ जातीचे आणि गावकीचे. अडल्यानडल्याला धावून जाणे, लग्नकार्यात हातभार लावणे, मयताला खांदा देणे ही त्याची एक बाजू होती. नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकणे ही दुसरी. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार बंद, पाणवठा बंद, मयताला कोणी येणार नाही, अशी ही शिक्षा असे, आणि ती एकट्या माणसावर थांबत नसे. बहिणीचे लग्न अडे, भावाला कोणी दारात उभे करत नसे. म्हणून समाजाचा दाब बहुतेक वेळा घरातूनच माणसापर्यंत पोचे. त्याला वठणीवर आणण्याचे काम आईवडीलच करत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांनाही बसली.

बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचा प्रवासही सोपा नव्हता. धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकले गेल्यामुळे कोणाचा वारसा बुडू नये, अशी तरतूद १८५० साली झाली. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिल्यावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरवून रद्द केला. त्यानंतर जातपंचायतींनी घातलेले दंड आणि बहिष्कार यांच्याविरुद्ध कार्यकर्त्यांनी आणि पीडित कुटुंबांनी दीर्घकाळ आवाज उठवला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

व्यक्तीच्या हक्काचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो रखमाबाईंच्या खटल्यात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी गेल्या नाहीत. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईत दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर फेरसुनावणी झाली आणि १८८७ साली पतीकडे जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा आदेश निघाला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

ही एका धीट स्त्रीची कथा आहेच, पण तिच्यात कुटुंबाचा वाटाही मोठा आहे. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा रखमाबाईंना भक्कम पाठिंबा होता. खटल्यासाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी मदत करणारी माणसेही पुढे आली. जातीच्या आणि रूढीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या मुलीच्या पाठीशी एक घर होते आणि समविचारी लोकांचा एक नवा समाजही. कर्व्यांच्या बाबतीतही तेच दिसते. गावाने दार लावले, तेव्हा पुण्यातल्या सुधारकांनी साथ दिली आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे एकटेपणा असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. स्वतंत्र माणसालाही माणसे लागतात. फक्त ती जन्माने चिकटलेलीच असावीत असे नाही.

असा निवडलेला समाज घडवण्याचा मोठा प्रयत्न जोतीराव फुले यांनी केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजात जातीची अट नव्हती. पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची त्यांची पद्धत लहान गोष्ट नव्हती. ज्या विधीच्या जोरावर घर आणि जात माणसाला बांधून ठेवत, तोच विधी लोकांच्या स्वतःच्या हाती आला.

मुंबईच्या गिरणगावात जुना आणि नवा समाज एकत्र नांदले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गावकीच्या नावाने खोल्या घेतल्या. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाच खोलीत माणसे आळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत होई आणि मनिऑर्डर गावाकडे जाई. गोव्याहून आलेल्यांनी आपापल्या गावांच्या नावाने कूड, म्हणजे सामायिक निवासाच्या जागा, चालवल्या. १९८२चा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा अनेक कामगारांना गावाकडच्या शेतीचा आणि घराचाच आसरा उरला होता. दुसरीकडे, खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या. घरात राबणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर कर्ज मिळणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले. त्यांना जोडणारा धागा जातीचा नव्हता, सारख्या कामाचा आणि सारख्या अडचणीचा होता. पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या बचत गटांमागेही हाच विचार आहे.

राज्यघटनेने या साऱ्याला निश्चित दिशा दिली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले, याबद्दल समाधान व्यक्त केले. मताचा आणि समानतेचा अधिकार माणसाला मिळतो, घराण्याला किंवा जातीला नाही. तरीही देखभालीचा मोठा भार राज्याने कुटुंबावरच ठेवला आहे. २००७च्या कायद्यानुसार सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून आईवडिलांना निर्वाहभत्ता मागता येतो आणि न्यायाधिकरण तो महिना दहा हजार रुपयांपर्यंत ठरवू शकते. घरे लहान झाली, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली. आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचे काम मात्र संपलेले नाही. ते बहुधा घरातल्या सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते आणि त्याची मोजदाद फारशी होत नाही.

समुदाय स्वतःच बदलू शकतो, याचीही उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचे ठरवले, आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एकट्या विधवेने असा निर्णय घेतला असता तर तिला बोल लावले गेले असते. गावानेच तो घेतल्याने तिच्या मागे बळ उभे राहिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमतावर न जाता सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा करते. त्यामुळे एका माणसाचा विरोधही ऐकून घ्यावाच लागतो.

कुटुंब, समाज आणि व्यक्ती यांपैकी एकाला वगळून दुसऱ्याचे भले होत नाही. लहान मूल, आजारी माणूस आणि म्हातारपण यांना घर लागते. जंगल, पाणी आणि रूढी यांचे प्रश्न एकट्या घराला सुटत नाहीत, त्यासाठी समाज लागतो. आणि घर व समाज चुकतात तेव्हा ते सांगायला आपल्या हक्कांसह उभी असलेली व्यक्ती लागते. नाही म्हणणाऱ्या माणसाचा आधार तोडला जात नसेल, तर ते घर आणि तो समाज निरोगी मानायला हरकत नाही. कायदा शिक्षेची आणि वारशाची तरतूद करू शकतो. नाही म्हणणाऱ्यालाही आपले मानण्याची सवय मात्र घराघरातून आणि ग्रामसभांतूनच लागावी लागते.