चित्र झकास, पण आवाज फसला? फोली समजून घ्या
सिनेमातला पावलांचा, बांगड्यांचा आवाज बऱ्याचदा शूटिंगवेळचा नसतोच. नंतर पडद्याकडे बघत, हालचालीशी मेळ घालून तो वेगळा रेकॉर्ड करतात. यालाच फोली म्हणतात. हॉलिवूडच्या जॅक फोली यांच्यावरून हे नाव पडलं. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, हाड मोडायला चक्क गाजर!

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये साउंडचे विद्यार्थी सोबत्यांच्या फिल्मवरच हे काम शिकतात. २००९ चे ऑस्करविजेते रसूल पूकुट्टी तिथलेच.

गावाकडची पोरं मोबाईलवर फिल्म करतात, पण वाऱ्याच्या घोंगाटात संवाद जातात अन् बघणारा पुढं सरकतो. ते संवाद पंखा बंद करून, गोधडीआड परत बोलून घ्या. पिकातल्या चालण्यासाठी कडबा तुडवा. शूटिंगच्या जागेची अर्धा मिनिट नुसती शांतताही रेकॉर्ड करा. आवाजाचे जोड झाकायला तीच लागते.