व्यवस्थापन-संस्थेची पारख

व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्था माहितीसभा भरवितात. तेथे इमारत, नोकऱ्या, पगार यांचेच गोडवे ऐकू येतात. परंतु मुलाची दोन वर्षे आणि घरची पुंजी जेथे गुंतवायची, तेथे परवानगी काढून मागच्या बाकावर एक तास तरी बसावे, असे आम्हांस वाटते. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या संस्थेत सुमारे ९० विद्यार्थी अर्धवर्तुळात बसतात. एखाद्या धंद्याचा खराखुरा पेच पुढे ठेवून प्राध्यापक प्रश्न टाकीत राहतात. १९६१ साली निघालेल्या अहमदाबादच्या संस्थेने ही रीत तेथूनच घेतली. अशा तासाला मुले एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात, की मुकाट्याने टिपणे उतरवितात? आणि पगाराच्या सरासरीत नोकरी न मिळालेले धरले आहेत काय, हे चहाच्या वेळी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे. व्यासपीठावरच्या मंडळींना नव्हे.