पानाचा भाव कोणी ठरवावा?

जायफळ घातलेल्या कॉफीचा वास माजघरात दरवळू लागला, म्हणजे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर जागे होते. त्या पेल्यातील बी कोणी वेचले व त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र आमच्या मनात सहसा येत नाही. हॉलंडातील काही मंडळींच्या मनात तो आला. मेक्सिको देशातील वाहाका प्रांताच्या डोंगरांत तेथील मूळ रहिवासी कॉफी पिकवीत. परंतु दलाल सांगेल तो भाव त्यांस मुकाट्याने पत्करावा लागे. पुढे त्यांनी आपली सहकारी संस्था उभारली, आणि १९८८ साली तिची कॉफी 'मॅक्स हावेलार' या खुणेखाली हॉलंडात विकू लागली. बाजार कितीही उतरला तरी ठरल्या किमान भावाखाली माल घ्यावयाचा नाही, आणि गावाच्या कामासाठी वर काही रक्कम द्यावयाची, हे या न्याय्य व्यापाराचे तत्त्व होय.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात कॉफीचे मळे नाहीत. परंतु दलाल आणि भाव यांचा तोच प्रश्न तेथेही आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील रानांत राहणाऱ्या गोंड, हलबा इत्यादी कुटुंबांस वर्षातून एकदा जी रोकड दिसते, ती बहुतांशी तेंदूच्या पानाची. याच पानात विडी वळतात. उन्हाळ्याच्या तोंडी झुडपे छाटली, म्हणजे त्यांस कोवळे फुटवे येतात. मग वैशाखात घरातील लहानथोर पहाटेच्या अंधारातच रानात जातात, ऊन चढण्यापूर्वी ओझी घेऊन परततात, आणि सावलीत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधतात. असे १००० पुडे झाले, म्हणजे एक प्रमाण पोते भरते. एका पोत्यामागे ७०,००० पाने हातांनी तोडून, निवडून, मोजलेली असतात!

महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने या पानाचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. वनखाते रानाचे विभाग पाडून लिलाव करी, ठेकेदार पान उचली, आणि तोडणाऱ्यास मजुरी मिळे. मागाहून काही बोनस येई, हे खरे. पण भाव ठरविण्याच्या बैठकीत त्यास जागा नव्हती. आपल्याच रानात तो मजूर होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही स्थिती पालटली. तेंदूपान, मध, लाख, बांबू इत्यादी गौण वनोपजांवर रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची मालकी त्याने मान्य केली. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्यामुळे तेथील गावांस या कायद्याचाच मुख्य आधार आहे. त्या बळावर २०१३ साली गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी एकत्र येऊन स्वतःच्या नावाने निविदा मागविल्या आणि पान विकले. काल ज्यांस मजुरीसाठी रांगेत उभे राहावे लागे, तेच आज व्यापाऱ्याशी करार करावयास बसले.

यात सारे सुखच आहे, असे मात्र आमच्या वाचकांनी समजू नये. मालकाला हिशेबाची वही ठेवावी लागते, कर भरावा लागतो, व्यापाऱ्याने पैसे थकविले तर ते वसूल करावे लागतात. विडीचा धंदा मंदावला की पानाचा भावही कोसळतो. आणि हॉलंडातल्यासारखी किमान भावाची हमी या लिलावात नाही. शिवाय विडी आरोग्यास घातक, हे कोणास सांगावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर झाडांची हानी व तंबाखूचे दुष्परिणाम ध्यानी घेऊन तेंदूच्या उत्पन्नावर आपण होऊन पाणी सोडले, आणि बांबूवर भिस्त ठेवली. विकण्याचा हक्क हाती आला म्हणूनच न विकण्याचा निर्णयही त्या गावास घेता आला, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते.

"आमच्या घरात विडी येत नाही, मग आमचा याच्याशी संबंध काय?" असे कोणी भगिनी विचारील. बासुंदीवर भुरभुरावयाची चारोळी, बाळंतिणीच्या लाडवांतील डिंक, औषधाचा मध या जिनसा अशाच रानांतून आपल्या फडताळात येतात. चारोळी आपण तोळ्यामाशाने जपून वापरतो; पण ती वेचणाऱ्याने पूर्वी बस्तरासारख्या मुलखात मिठाच्या बदल्यात देऊन टाकलेली असे.

तेव्हा सणाचे सामान भरताना या जिनसा कोठून आल्या, एवढे दुकानदारास अवश्य विचारावे. आणि एखाद्या ग्रामसभेचा वा सहकारी संस्थेचा माल मिळाला, तर दोन पैसे अधिक पडले म्हणून मागे सरू नये. घासाघीस करण्याची आपली सवय जुनी आहे. निदान या मालाच्या बाबतीत ती थोडी आवरावी, अशी आमची विनंती आहे.