वर लाल, खाली हिरवा

वसईत माणिकपूरजवळच्या पाचूबंदरला अंधार पडल्यावर बोटी दिसत नाहीत, त्यांचे दिवे दिसतात. लाल दिसला तर बोटीची डावी बाजू, हिरवा दिसला तर उजवी; दोन्ही एकदम दिसले तर ती थेट अंगावर येते आहे, हे तांडेल क्षणात ओळखतो. 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हे ठरवून दिले आहे. पाणबुड्यांची सोयही त्यांत आहे: बोटीवरून माणूस पाण्याखाली उतरला असेल, तर एकाखाली एक लाल, पांढरा, लाल असे चहूबाजूंनी दिसणारे तीन दिवे लावायचे. 12 मीटरपेक्षा लहान बोटींना अशा खास दिव्यांतून सूट मिळते, पण पाणबुडे उतरवणाऱ्या बोटीला ती नाही, आणि हे योग्यच आहे. खालचा माणूस कुठे वर येईल, हे शेजारून जाणाऱ्याला कळायला दुसरा मार्गच नसतो.

मग पाणबुड्याच्या सिलिंडरलाही लालच दिवा बांधावा, असे वाटणे साहजिक आहे. पण पाण्याखाली हा हिशेब उलटा होतो. पाणी सगळ्यांत आधी लाल रंग शोषते. पाच-सात मीटर खोलीवर भरदिवसा लाल कापड काळपट दिसते, आणि दिव्याचा लाल उजेडही तसाच लवकर विझत जातो. नितळ, खोल समुद्रात निळा सर्वांत लांब पोचतो, पण आपल्या किनाऱ्याला गाळ आणि सूक्ष्म शेवाळ आहे. ते निळाही गिळते. उरतो हिरवा. वसईच्या खाडीतल्या गढूळ पाण्यात तर हे अधिकच खरे, आणि हौशी लोक जिथे स्कूबा शिकायला जातात त्या मालवण-तारकर्लीलाही सिलिंडरला हिरवाच दिवा बरा, असे माझे मत आहे.

लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण तो हातातले मीटर वाचण्यापुरता, जोडीदाराला दुरून ओळखण्यासाठी नव्हे. प्रखर पांढरा दिवा लावावा, तर गढूळ पाण्यातल्या कणांवरून उजेड परत डोळ्यांवर येतो. प्रत्येकाला वेगळा रंग दिला, तर खाली लाल कोणता नि नारिंगी कोणता हे ओळखता येत नाही. त्यापेक्षा सगळ्यांना एक हिरवा आणि वाटाड्याला दोन, हे सोपे. लुकलुकणारा दिवा मात्र संकटासाठीच राखावा. हे उतरण्याआधी बोटीवर थांबणाऱ्यालाही सांगायला हवे, कारण किती हिरवे दिवे खाली गेले आणि किती वर आले, हे मोजणारा तोच असतो.