संगणक-प्रणालीची मुदत

निपाणीतील तंबाखूच्या वखारीत हिशेब संगणकावर असेल, तर श्रोतेहो, त्याची कार्यप्रणाली कोणती हे पाहावे. ‘विंडोज १०’ची मायक्रोसॉफ्टकडून होणारी नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही. धोका तेथेच आहे. जुने कुलूप लागते खरे, पण त्याची किल्ली चोराने बनविली, तर ते बदलून कोण देणार? वाढीव मुदतीच्या दुरुस्त्या केवळ नोंदणी करणाऱ्यांस मिळतात. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नसते. तेथे हिशेबाचे काम चालत असल्यास लिनक्स ही मोफत प्रणाली बसवावी. नाहीतर यंत्र इंटरनेटपासून तोडावे. त्याआधी मात्र हिशेबाची प्रत वेगळी काढून ठेवावी. यंत्र पुन्हा विकत मिळेल. हिशेब मिळणार नाही.