आजारपणामुळे परतलेला मिशनरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना परदेशी सेवाकार्यासाठी दीक्षा देण्यात आली : अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्यांपैकी हॉल आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. हॉल यांचं नाव आपल्या मंडळीच्या इतिहासात आदराने घेतलं जातं. नॉट यांचं नाव मात्र सहसा निघत नाही, कारण यकृताच्या विकारामुळे १८१५ मध्येच त्यांना मुंबई सोडावी लागली. प्रकृतीमुळे काम अर्ध्यावर सोडून आलेल्यांकडे आपण अजूनही थोड्या संशयाने पाहतो. हा संशय कोणकोणत्या समजुतींवर उभा आहे, ते एकेक करून तपासायला हवं.

गैरसमज : श्रद्धा पक्की असती तर परतावं लागलं नसतं.

वस्तुस्थिती : या पाच जणांच्या श्रद्धेत डावं-उजवं करता येत नाही, पण आजारांनी त्यांतल्या बहुतेकांना गाठलं. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले. हॉल यांनी मार्च १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला साथीतल्या रुग्णांना औषधं वाटली आणि परतीच्या वाटेवर ते स्वतःच पटकीला बळी पडले. तेव्हा त्यांचं वय अवघं ४१ होतं. जडसन यांना १८५० मध्ये प्रकृतीसाठी ब्रह्मदेशातून समुद्रप्रवासाला नेलं जात असताना जहाजावरच मृत्यू आला. त्या काळी शिरेतून रक्त काढणं आणि पाऱ्यापासून केलेलं कॅलोमेल देणं हे सर्रास उपचार होते. अशक्त रुग्ण त्यांनी आणखी खचत असे. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी निश्चित केला तो १८८४ च्या सुमारास, आणि हिवताप डासांमार्फत पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडला तो १८९७ मध्ये. ज्या आजाराचं कारणच कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचा दोष रुग्णाच्या विश्वासावर टाकणं हा उघड अन्याय आहे. नॉट मायदेशी परतले, पुढे पाळक म्हणून त्यांनी मंडळीची सेवा केली आणि १८६९ पर्यंत जगले. पाचही जणांत सर्वांत दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं.

गैरसमज : परतला म्हणजे त्याचं पाचारण संपलं.

वस्तुस्थिती : ल्यूथर राइस १८१३ मध्येच अमेरिकेला परतले. यकृताचं दुखणं होतं आणि परदेशातल्या कामासाठी पाठिंबा उभा करण्याची निकडही होती. ते पुन्हा पूर्वेकडे आले नाहीत. पण त्यांच्याच खटपटीतून १८१४ मध्ये अमेरिकेतल्या बाप्तिस्त मंडळ्यांची पहिली देशव्यापी मिशन संघटना उभी राहिली आणि जडसन यांच्या ब्रह्मदेशातल्या कामाला तिनेच आधार दिला.

हडसन टेलर १८६० मध्ये चीनहून आजारी होऊन इंग्लंडला आले. पुन्हा जाता येईल की नाही, याचीच शंका होती. त्या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, निंगपो बोलीतल्या नव्या कराराच्या सुधारणेचं काम केलं आणि १८६५ मध्ये चायना इनलँड मिशनची स्थापना केली. पुढच्याच वर्षी ते सहकाऱ्यांना घेऊन चीनला निघाले.

मुंबईचे डॉ. जॉन विल्सनही १८४३ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे स्कॉटलंडला निघाले. वाटेत त्यांनी इजिप्त आणि पॅलेस्टाइन पाहिलं आणि त्यावर ग्रंथ लिहिला. १८४७ मध्ये ते मुंबईला परतले. लेण्यांवरचं त्यांचं संशोधन आणि मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद हे सगळं त्या विश्रांतीनंतरचं आहे.

गैरसमज : खरा सेवक शेवटच्या श्वासापर्यंत जागा सोडत नाही.

वस्तुस्थिती : जागेवर प्राण देणाऱ्यांचा मान मोठाच आहे. पण ज्या हॉल यांचं उदाहरण आपण देतो, त्यांनीच १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी पत्नीला आणि मुलांना अमेरिकेला धाडलं होतं. फार उशिरा निघणाऱ्यांना तर घरचा किनाराही दिसत नसे. जडसन यांच्या पत्नी सारा १८४५ मध्ये मायदेशी जाताना सेंट हेलेना बेटाजवळ वारल्या. मराठी ख्रिस्ती गीतांच्या रचनेत मोलाची भर घालणारे हेन्री बॅलंटाइन अहमदनगरला तीस वर्षं राबले आणि १८६५ मध्ये आजारपणात परतताना समुद्रावरच गेले.

एमी कारमायकल यांचं आयुष्यही डोळ्यांपुढे ठेवावं. १८९३ मध्ये त्या जपानला गेल्या आणि सव्वा वर्षाच्या आसपास प्रकृतीने साथ सोडल्यामुळे तिथून निघाल्या. तेवढ्यावरून कुणी त्यांना अपयशी ठरवलं असतं, तर १८९५ मध्ये भारतात येऊन १९५१ पर्यंत, मृत्यू येईपर्यंत, इथेच राहिलेल्या आणि दोहनावूरला असंख्य मुलींना घर देणाऱ्या एमीताई आपल्याला दिसल्याच नसत्या.

गैरसमज : ताप, पटकी हे आजार, मन खचणं म्हणजे बहाणा.

वस्तुस्थिती : नैराश्य आणि तीव्र चिंता हे आजारच आहेत. परका मुलूख, तुटलेली भाषा, एकटेपणा आणि अंगावर पडलेलं काम यांनी ते बळावतात. कधी कधी औषधही कारण ठरतं. हिवताप टाळण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या मेफ्लोक्विन या गोळीचे मेंदूवर आणि मनावर गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये तिच्या वेष्टनावर सक्तीचा केला. भीती, भास, झोपमोड असा त्रास होणाऱ्याला ‘प्रार्थना कमी पडली’ म्हणणं क्रूर आहे आणि धोक्याचंही. त्याला प्रार्थनाही हवी आणि डॉक्टरही.

गैरसमज : घरी पोहोचला की सगळं सुरळीत होतं.

वस्तुस्थिती : हिवतापाचा एक प्रकार यकृतात दडून राहतो आणि अनेक महिन्यांनी पुन्हा उसळतो. अमीबामुळे यकृतात होणारं गळूही घरी आल्यावर बऱ्याच काळाने उघड होऊ शकतं. म्हणून परतलेल्याने आपण कुठल्या देशात, किती काळ होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगितलंच पाहिजे. याशिवाय नोकरी नाही, हातात ठरलेलं काम नाही, निरोप देणाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं ही लाज, आणि तिकडे मागे राहिलेल्या माणसांची ओढ. हे दुःख कुठल्याही तपासणीत दिसत नाही.

आज परदेशी आणि परप्रांती सेवेला जाणाऱ्यांत भारतीय तरुण-तरुणीही आहेत. त्यांना निरोप देताना मंडळीने चार गोष्टी आधीच ठरवाव्यात : निघण्यापूर्वी कसून वैद्यकीय तपासणी, आजारपणाच्या खर्चाची तरतूद, ‘मला परतायचं आहे’ हे न घाबरता सांगता येईल असा एक विश्वासू माणूस आणि परतल्यावर काही महिने राहण्या-जेवण्याची सोय. आणि तो किंवा ती परत येईल त्या रविवारी, निरोपाच्या दिवशी जसं पुढे बोलावलं होतं तसंच, मंडळीसमोर बोलावून तिथे झालेल्या कामाबद्दल देवाचे आभार मानावेत. आजारी माणसाला आधी लाजेपासून मोकळं करणं ही मंडळीची जबाबदारी आहे.